त्रास काहीच नाही, तरी प्रोस्टेटची तपासणी करावी का?

प्रश्न असा आला आहे: ‘माझं वय ५१. वडिलांना ६६व्या वर्षी प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. कळलं तेव्हा तो कण्याच्या हाडांत पोचला होता. त्याआधी कित्येक महिने नुसत्या पाठदुखीच्या गोळ्या चालू होत्या. आता त्यांच्यावर उपचार सुरू आहेत. मला लघवीचा काडीमात्र त्रास नाही. एक डॉक्टर म्हणतात, पीएसए ही रक्ताची चाचणी करून टाका. दुसरे म्हणतात, त्रास नसताना ही नसती उठाठेव कशाला, एकदा आकडा वाढलेला निघाला की बायोप्सी, ऑपरेशन सगळं मागे लागतं. धाकटा भाऊ ४६ वर्षांचा आहे. लवकर तपासणी करण्यात खरंच काही अर्थ असतो का?’

मी यूरोलॉजिस्ट आहे. हा प्रश्न ओपीडीत कुठल्या ना कुठल्या रूपात सारखा समोर येतो. तुमच्यापुरतं उत्तर आधीच सांगून टाकतो: करा. पण एवढं बोलून थांबलो तर तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांवर अन्याय होईल, कारण त्यांनी दाखवलेली भीती खोटी नाही. रक्त देणं हे पाच मिनिटांचं काम आहे. आकडा हातात आल्यावर तुम्ही काय करणार आणि काय करणार नाही, हे रक्त देण्याआधी ठरलेलं असावं लागतं. तिथे गोंधळ असेल तर तपासणीने भलं होण्याऐवजी नुकसान होऊ शकतं, आणि एके काळी ते मोठ्या प्रमाणावर झालंही आहे.

आधी ‘त्रास नाही’ या मुद्द्याकडे येतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहे.

प्रोस्टेट म्हणजे पौरुषग्रंथी मूत्राशयाच्या खाली असते आणि मूत्रमार्ग तिच्या मधून जातो. वयाबरोबर ती वाढते ती मूत्रमार्गाला लागून असलेल्या आतल्या भागात. म्हणून लघवीची धार बारीक होते, रात्री उठावं लागतं, थेंब थेंब होत राहते. ही वाढ साधी असते, कॅन्सरची नसते. कॅन्सर मात्र बहुतेक वेळा, दहापैकी सुमारे सात जणांत, ग्रंथीच्या बाहेरच्या भागात सुरू होतो, फळाच्या सालीलगतच्या थरात व्हावा तसा. तिथली लहानशी गाठ मूत्रमार्गाला दाबत नाही, दुखत नाही, काहीच सांगत नाही. ती लघवीला अडथळा करण्याइतकी मोठी होईपर्यंत बरीच वर्षं गेलेली असतात. कधी कधी ती तेवढी मोठी होण्याआधीच हाडांत जाते आणि पहिलं लक्षण पाठदुखी हेच असतं. तुमच्या वडिलांच्या बाबतीत झालं ते असंच.

त्यामुळे ओपीडीत एक उलटाच प्रकार दिसतो. ज्यांना लघवीचा त्रास असतो ते कॅन्सरच्या भीतीने येतात आणि बहुतेक वेळा त्यांना साधी वाढ निघते. ज्यांनी यायला हवं ते, त्रास नाही म्हणून, येतच नाहीत. लवकरच्या अवस्थेतल्या प्रोस्टेट कॅन्सरला लक्षण नसणं हा नियम आहे. म्हणून ‘मला काही होत नाही’ हे तपासणी टाळण्याचं कारण होऊ शकत नाही. टाळायची असेल तर त्याला दुसरी, जास्त चांगली कारणं आहेत. ती पुढे येतीलच.

आता पीएसए. हे प्रथिन प्रोस्टेटच्या पेशीच तयार करतात आणि वीर्य पातळ ठेवणं हे त्याचं रोजचं काम. त्यातलं थोडंसं रक्तात झिरपतं, तेच आपण मोजतो. म्हणजे पीएसए हा कॅन्सरचा पदार्थ नाही, ग्रंथीचा आहे. ग्रंथी मोठी झाली, सुजली, तिला जंतुसंसर्ग झाला, लघवी तुंबली, कॅथेटर घातला, तरी रक्तातला आकडा वाढतो. याच कारणाने ‘पीएसए वाढली म्हणजे कॅन्सर’ हे चूक. आणि उलट बाजूनेही खात्री नसते: अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात पीएसए ४ (एका मिलिलिटर रक्तात ४ नॅनोग्रॅम) किंवा त्याहून कमी असलेल्या पुरुषांचीही बायोप्सी केली गेली, तेव्हा त्यांतल्या सुमारे १५ टक्के लोकांत कॅन्सर सापडला. त्यातले बरेचसे सौम्य होते, पण सगळे नव्हते. तेव्हा ४ ही काही निसर्गाने आखलेली रेषा नव्हे. तिच्या एका बाजूला निरोगी आणि दुसऱ्या बाजूला आजारी अशी माणसं उभी नसतात.

रक्त देण्याआधी दोन-चार गोष्टी सांभाळल्या तर नंतरची बरीच धावपळ वाचते. लघवीत जंतुसंसर्ग असेल किंवा नुकताच होऊन गेला असेल तर तो पूर्ण बरा झाल्यावर सहा ते आठ आठवडे थांबा. आधीचे दोन दिवस वीर्यस्खलन टाळा आणि लांब सायकल चालवू नका. आणि कृपा करून तुमच्या गोळ्यांची नावं सांगा. फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड ही औषधं काही महिन्यांत पीएसए जवळजवळ निम्म्यावर आणतात. प्रोस्टेटसाठी ती घेणारे रुग्ण सांगतात, पण केस गळू नयेत म्हणून कमी मात्रेत फिनास्टेराइड घेणारे सांगत नाहीत, कारण केसांच्या गोळीचा इथे काय संबंध असं त्यांना वाटतं. मग २.५ आकडा पाहून आपण निश्चिंत होतो आणि प्रत्यक्षात तो ५च्या आसपासचा असतो.

दोन डॉक्टर दोन टोकांना का उभे आहेत, हे कळायला या चाचणीचा इतिहास थोडा माहीत हवा. अमेरिकेत १९८६ मध्ये पीएसएला मान्यता मिळाली ती कॅन्सर आधीच निदान झालेल्या रुग्णांवर लक्ष ठेवण्यासाठी. १९९४ मध्ये ती निदानासाठीही मान्य झाली. पण त्याआधीपासूनच सरसकट तपासण्या सुरू झाल्या होत्या आणि कॅन्सर सापडणाऱ्यांची संख्या एकदम वर गेली. सापडला की काढा किंवा किरणोपचार द्या, हाच तेव्हाचा खाक्या होता. त्यातून हजारो पुरुषांच्या वाट्याला लघवीवरचा ताबा सुटणं, लिंगाला ताठरता न येणं, गुदद्वारातून रक्त जाणं असे त्रास आले. त्यातल्या अनेकांचा कॅन्सर असा होता की तो त्यांना जन्मभर कळलाही नसता. मृत्यूनंतर केलेल्या तपासण्यांतून हे फार पूर्वी दिसलं आहे: ऐंशीच्या घरातल्या, दुसऱ्याच कारणाने गेलेल्या पुरुषांपैकी निम्म्याहून अधिकांच्या प्रोस्टेटमध्ये कॅन्सरच्या पेशी सापडतात. ते त्या कॅन्सरसह जगले, त्याच्यामुळे गेले नाहीत.

मग २००९ मध्ये दोन मोठ्या अभ्यासांचे निष्कर्ष एकाच वेळी आले आणि ते एकमेकांशी जुळेनात. युरोपातल्या अनेक देशांत मिळून चाललेल्या ईआरएसपीसी अभ्यासात ५५ ते ६९ वयाचे सुमारे १ लाख ६२ हजार पुरुष होते. तपासणीला बोलावलेल्या गटात प्रोस्टेट कॅन्सरने होणारे मृत्यू साधारण २० टक्क्यांनी कमी दिसले. अमेरिकेतल्या पीएलसीओ अभ्यासात मात्र फरकच दिसला नाही. नंतर लक्षात आलं की अमेरिकेतल्या अभ्यासात ज्यांची तपासणी करायची नव्हती त्या गटातल्या बहुतेकांनी बाहेरून स्वतःच पीएसए करून घेतली होती. म्हणजे तुलना ‘तपासणी विरुद्ध तपासणी नाही’ अशी उरलीच नव्हती. पण तोवर वारं फिरलं होतं. अमेरिकेच्या सरकारी तज्ज्ञगटाने २०१२ मध्ये पीएसएने सरसकट तपासणी करूच नये असं सांगितलं. तपासण्या घटल्या, आणि पुढच्या वर्षांत शरीरात पसरल्यावरच सापडणाऱ्या कॅन्सरचं प्रमाण तिथे वाढत गेलं. २०१८ मध्ये त्याच गटाने भूमिका बदलली: ५५ ते ६९ वयात डॉक्टरांशी बोलून ज्याने त्याने ठरवावं, ७० नंतर सरसकट करू नये. तुमचे दुसरे डॉक्टर बहुधा २०१२चं वाक्य बोलताहेत. पहिले डॉक्टर कुठलं वाक्य बोलताहेत ते सांगता येत नाही. ‘करून टाका’ असं नुसतं म्हणणाऱ्यांची मला थोडी धास्तीच वाटते.

युरोपातल्या त्या अभ्यासाचा पाठपुरावा चालू राहिला. तेवीस वर्षांनंतरचा हिशोब २०२५ मध्ये आला. बोलावलेल्या दर ४५६ पुरुषांमागे एक मृत्यू टळला, आणि तो एक टाळण्यासाठी, न बोलावलेल्या गटाच्या तुलनेत, १२ जणांत जास्तीचा कॅन्सर सापडला. नऊ वर्षांच्या हिशोबात एका मृत्यूमागे १,४१० जणांना बोलवावं लागत होतं आणि जास्तीचे ४८ कॅन्सर सापडत होते. एवढा फरक पडला तो या आजाराच्या संथ चालीमुळे. तपासणीचा फायदा दहा वर्षांनी डोकं वर काढतो आणि पुढे वाढत जातो. तोटा मात्र पहिल्याच वर्षी पदरात पडतो. पन्नाशीतल्या, बाकी धडधाकट माणसाला हा व्यवहार परवडतो. पंच्याहत्तरीतल्या, हृदय आणि मूत्रपिंड दोन्ही थकलेल्या माणसाला परवडत नाही. त्याच्याकडे फायदा वसूल करायला वर्षंच उरलेली नसतात.

इथे एक इशारा देतो, कारण तपासणीच्या बाजूने बोलणारे लोक हा आकडा हमखास पुढे करतात. प्रोस्टेटपुरताच मर्यादित कॅन्सर असलेल्यांत पाच वर्षांनी जगण्याचं प्रमाण जवळजवळ १०० टक्के असतं आणि दूरवर पसरलेल्यांत ते साधारण एक तृतीयांशावर येतं. आकडा बरोबर आहे, पण त्यावरून ‘लवकर पकडलं म्हणून वाचले’ असा निष्कर्ष काढता येत नाही. समजा एखादा माणूस ७२व्या वर्षी या आजाराने जाणार आहे. त्याचं निदान ६९व्या वर्षी झालं तर तो तीन वर्षं जगला. तेच ६०व्या वर्षी झालं तर बारा वर्षं जगला असं दिसेल. आयुष्य मात्र एका दिवसानेही वाढलेलं नाही, आजारी म्हणून घालवलेली वर्षं तेवढी वाढली. शिवाय कधीच त्रास न देणारे सौम्य कॅन्सर ‘लवकर सापडलेल्या’ गटात भरतात आणि टक्केवारी फुगते. म्हणून तपासणी उपयोगी आहे की नाही हे ठरवताना मी जगण्याची टक्केवारी बघत नाही, मृत्यू किती टळले ते बघतो. तिथे फायदा दिसतो. तो प्रचारात सांगतात तेवढा मोठा नसतो, आणि विरोधक म्हणतात तसा शून्यही नसतो.

आता माझं मत. नुकसान रक्ताच्या चाचणीने केलं नाही. सापडलेल्या प्रत्येक कॅन्सरवर शस्त्र चालवण्याच्या घाईने केलं. ही घाई काढून टाकता आली तर लवकर तपासणीचा बहुतेक फायदा हातात राहतो आणि बराचसा तोटा गळून पडतो. गेल्या दहा-पंधरा वर्षांत आमच्या कामात बदललं ते हेच, आणि ते दोन ठिकाणी बदललं.

पहिला बदल बायोप्सीच्या आधी. पूर्वी पीएसए ४च्या वर गेली की थेट बायोप्सी, तीही गुदद्वारावाटे, अंदाजाने दहा-बारा ठिकाणी सुया घालून. आता आधी पीएसए पुन्हा करायची. काही आठवड्यांनी तीच चाचणी त्याच लॅबमध्ये केली की बऱ्याच जणांचा आकडा आपोआप खाली आलेला असतो. संसर्गाची लक्षणं नसताना ‘पीएसए उतरवायला’ अँटिबायोटिकचा कोर्स देण्याची एक जुनी खोड अजून दिसते. त्याने काही सिद्ध होत नाही. आकडा उतरला तरी कॅन्सर नाही असं म्हणता येत नाही आणि जंतू मात्र औषधाला दाद देईनासे होतात. आकडा तसाच राहिला तर प्रोस्टेटचा एमआरआय. त्यात संशयाला १ ते ५ असे गुण देतात. १ किंवा २ असेल, पीएसएची घनता कमी असेल आणि घरात कुणाला हा आजार नसेल, तर बहुधा बायोप्सी न करता लक्ष ठेवता येतं. घनता म्हणजे पीएसएचा आकडा भागिले ग्रंथीचं आकारमान, ०.१५च्या वर गेली की मी सावध होतो. ८० मिलिलिटरच्या मोठ्या ग्रंथीत पीएसए ६ असणं आणि २५ मिलिलिटरच्या लहान ग्रंथीत ६ असणं यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. रिपोर्टवर मात्र दोन्हींपुढे सारखीच लाल खूण असते.

आधी एमआरआय केल्याने सुमारे एक चतुर्थांश पुरुषांची बायोप्सी टळू शकते, हे ब्रिटनमधल्या प्रोमिस अभ्यासाने २०१७ मध्ये दाखवलं. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या २०२२च्या अभ्यासात एमआरआयवर दिसणाऱ्या जागेचीच बायोप्सी केली, तर बिनमहत्त्वाचे कॅन्सर सापडण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. त्या बदल्यात महत्त्वाचे काही मोजके कॅन्सर उशिरा सापडण्याची शक्यता राहते. ती शक्यता मला मान्य आहे, सगळ्यांना असेलच असं नाही. बायोप्सी करावीच लागली तर ती गुदद्वाराऐवजी अंडकोश आणि गुदद्वार यांच्यामधल्या त्वचेतून करता येते का, हे विचारा. त्यात संसर्गाचा धोका कमी असतो. लघवीत आणि वीर्यात काही दिवस किंवा आठवडे रक्त दिसतं, ते आधी माहीत असलं की घाबरगुंडी उडत नाही.

बोटाने करायच्या तपासणीबद्दलही लगेच सांगतो, कारण अर्धे पुरुष तिच्याच धास्तीने डॉक्टरांकडे फिरकत नाहीत. त्रास नसलेल्या माणसाची प्राथमिक तपासणी म्हणून ती फारशी कामाची नाही. लहान गाठी बोटाला लागत नाहीत. पीएसए वाढलेली असेल किंवा लक्षणं असतील तेव्हा मी ती करतो, आणि तेव्हा तिचा उपयोग होतो. तुम्ही पहिली पायरी म्हणून फक्त रक्त दिलंत तरी चालेल.

दुसरा बदल निदानानंतरचा, आणि तो जास्त मोलाचा आहे. बायोप्सीतल्या कॅन्सरला पॅथॉलॉजिस्ट, पेशी किती बिघडलेल्या दिसतात ते पाहून, ग्लीसनच्या पद्धतीने गुण देतात. हल्ली त्यावरून १ ते ५ असे ग्रेड गट करतात. गट १ हा इतका मंद असतो की त्याला कॅन्सर म्हणावं का, यावरच आमच्यात वाद आहे. अशा रुग्णाला आज बहुतेक ठिकाणी ‘ऑपरेशन कधी करायचं’ असं विचारत नाहीत. ठरावीक काळाने पीएसए, अधूनमधून एमआरआय, गरज पडली तर पुन्हा बायोप्सी, आणि कॅन्सरने चाल बदलली तरच उपचार. याला सक्रिय देखरेख म्हणतात. ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट अभ्यासात, पीएसएमुळे सापडलेल्या आणि ग्रंथीपुरत्याच असलेल्या कॅन्सरच्या १,६४३ पुरुषांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी तीन गटांत विभागणी केली: देखरेख, शस्त्रक्रिया, किरणोपचार. पंधरा वर्षांनी तिन्ही गटांत मिळून प्रोस्टेट कॅन्सरने गेलेले ३ टक्क्यांच्या आसपासच होते, आणि गटागटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. देखरेखीच्या गटात आजार पसरण्याचं प्रमाण मात्र जास्त होतं, सुमारे ९ टक्के. बाकीच्या दोन गटांत ५ टक्क्यांच्या आसपास. आणि देखरेखीतल्या निम्म्याहून अधिक लोकांना पुढे कधीतरी उपचार घ्यावेच लागले. म्हणजे देखरेख हे ‘काही न करणं’ नव्हे. तारखा पाळाव्या लागतात. त्या पाळणं ज्याला जमणार नाही, त्याला मी वेगळा सल्ला देतो.

तिथेच स्वभावाचा मुद्दा येतो. काही माणसांना शरीरात कॅन्सर आहे हे कळल्यावर झोप लागत नाही. कितीही सांगा, ‘काढून टाका डॉक्टर’ हेच पालुपद. घरचे त्यात भर घालतात. तुम्ही तसे असाल तर तपासणीआधीच स्वतःला प्रामाणिकपणे विचारा: गट १चा कॅन्सर निघाला आणि डॉक्टर म्हणाले, आता फक्त लक्ष ठेवू, तर मला ते झेपेल का? झेपणार नसेल तर तपासणी करू नका असं मी म्हणत नाही. पण तुमच्यासाठी तपासणीचा तोटा जास्त असणार हे माहीत असलेलं बरं. शस्त्रक्रियेनंतर लघवी गळणं बहुतेकांचं काही महिन्यांत बऱ्यापैकी आवरतं, पण काहींना पॅड कायमचे लागतात. ताठरतेवर परिणाम त्याहून जास्त जणांना होतो, आणि तो ऑपरेशनआधीची स्थिती, वय आणि नसा कितपत वाचवता आल्या यावर ठरतो. ५१ वर्षांच्या माणसासाठी या गोष्टी तळटीपेत टाकण्यासारख्या नाहीत.

इथवरचं सगळं सर्वसाधारण पुरुषाला लागू होतं. तुमचं प्रकरण त्यात बसत नाही, आणि मी सुरुवातीलाच ‘करा’ म्हणालो ते त्यामुळे. वडिलांना किंवा सख्ख्या भावाला प्रोस्टेटचा कॅन्सर असेल तर धोका साधारण दुप्पट होतो. दोघातिघांना असेल किंवा कमी वयात झाला असेल तर आणखी वाढतो. पण मला तुमच्या प्रश्नात ६६ या वयापेक्षा ‘कण्यात पोचला होता’ हे शब्द जास्त खटकले. घरात कुणाला ८०व्या वर्षी योगायोगाने सौम्य कॅन्सर सापडला असेल, तर तो कुटुंबाचा इतिहास म्हणून फारसा जड नाही. घरात कुणाचा कॅन्सर हाडांत गेला असेल, तर तो जड आहे. आफ्रिकी वंशाच्या पुरुषांतही धोका जास्त असतो, आणि बीआरसीए२ नावाच्या जनुकात दोष असलेल्यांत कॅन्सर जास्त वेळा होतो, शिवाय तो आक्रमक निघण्याची शक्यता अधिक असते. युरोपातल्या यूरोलॉजिस्टांच्या मार्गदर्शक सूचना साधारण अशा आहेत: बाकीच्यांनी पन्नाशीनंतर, घरात इतिहास असलेल्यांनी आणि आफ्रिकी वंशाच्यांनी पंचेचाळिशीनंतर, बीआरसीए२चा दोष माहीत असलेल्यांनी चाळिशीपासून. या हिशोबाने तुम्हाला सहा वर्षं उशीर झालाच आहे. त्याने आभाळ कोसळलेलं नाही, पण आणखी सहा वर्षं घालवू नका.

किती वेळा करायची, हे पहिल्या आकड्यावर ठरतं. दरवर्षी सरसकट करण्याची गरज नसते आणि मी ती करायला सांगत नाही. ६०व्या वर्षी पीएसए १च्या खाली असेल तर पुढे या आजाराने जाण्याची शक्यता इतकी कमी असते की सर्वसाधारण माणसाने पुढच्या तपासण्या बऱ्याच वर्षांनी केल्या किंवा सोडूनच दिल्या तरी चालतं. तुमच्या वयात १च्या खाली निघाली तर घरचा इतिहास धरूनही दोनेक वर्षं निवांत राहा. १ ते ३च्या मध्ये असेल तर दरवर्षी ते दोन वर्षांनी, आणि लक्ष आकड्याच्या चालीवर ठेवा. ३च्या वर गेली तर आधी पुन्हा चाचणी, मग एमआरआय. घाबरून थेट बायोप्सीच्या टेबलावर जायचं नाही. हे अंतर तुमचे डॉक्टर थोडंफार बदलतील. त्यात चुकीचं काही नाही. ग्रंथीचा आकार, इतर आजार, औषधं हे सगळं समोर बसलेल्याला दिसतं, मला दिसत नाही.

कुणी तपासणी करू नये, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं, कारण हे वाचून कुणी आपल्या ८२ वर्षांच्या वडिलांना लॅबमध्ये नेईल. लक्षण नसलेल्या, सत्तरी बरीच ओलांडलेल्या माणसाची पहिली पीएसए सुरू करण्यात सहसा हशील नसतं. दुसऱ्या आजारांमुळे पुढची दहा वर्षं हाती असण्याची शक्यता कमी असेल, तर वय कितीही असो, फायदा पोचत नाही. मात्र हे लक्षणं नसलेल्यांपुरतं. पाठीत किंवा कमरेत नवं, रात्री वाढणारं, हटता हटत नाही असं दुखणं, लघवीत रक्त, वजन उतरणं, पायांत अशक्तपणा, यांतलं काही असेल तर ती तपासणी वेगळ्या कारणासाठी आहे आणि तिथे वयाची अट नाही. पाय एकाएकी लुळे पडू लागले किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर मज्जारज्जू दाबला जात असू शकतो. तेव्हा दिवस घालवायचे नाहीत, त्याच तासाला रुग्णालय गाठायचं. तुमच्या वडिलांचा आजार कण्यात आहे, म्हणून हे वाक्य घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

आता तुमच्या धाकट्या भावाचं. ४६ म्हणजे त्याचीही वेळ झाली आहे. त्याने तुमच्या रिपोर्टची वाट बघू नये. तुमचा आकडा चांगला आला म्हणजे त्याचाही चांगला असेल असं नाही.

आणि तुम्ही विचारलं नाही, पण मला सगळ्यात आधी करावीशी वाटेल ती गोष्ट वडिलांशी संबंधित आहे. त्यांच्या डॉक्टरांना विचारा की आनुवंशिक जनुकांची चाचणी झाली आहे का. अमेरिकेत २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, शरीरात पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरच्या सुमारे १२ टक्के रुग्णांत डीएनएची दुरुस्ती करणाऱ्या जनुकांपैकी एखाद्यात जन्मजात दोष सापडला, आणि त्यात बीआरसीए२ सर्वांत आघाडीवर होतं. दोष सापडला तर वडिलांच्या उपचारात ओलापॅरिबसारखी औषधं कधी वापरायची याचा विचार करता येतो. तुम्हा दोघा भावांनाही त्याच एका दोषापुरती नेमकी चाचणी करता येते. प्रत्येकाला तो दोष मिळालेला असण्याची शक्यता निम्मी असते. ज्याला मिळाला नसेल त्याच्या डोक्यावरचं बरंचसं ओझं उतरतं. बहीण असेल तर तिलाही सांगायला हवं, कारण हाच दोष स्त्रियांत स्तनाच्या आणि बीजांडकोशाच्या कॅन्सरचा धोका वाढवतो, आणि वडिलांकडून मुलीकडे तो तितक्याच सहज येतो. हा प्रश्न वडिलांच्या पुढच्या भेटीतच विचारा. रक्ताचा किंवा लाळेचा एक नमुना पुरतो, फक्त चाचणीआधी जनुक-समुपदेशकाशी एकदा बोलून घ्या.